बाण म्हणजे ‘ले’

आमच्या घरात भाजी तीनदा निवडली जायची. पहिल्या निवडीत जे सरळ, कोवळं आणि देखणं निघे ते पहाटेच्या एसटीनं वाशीमच्या बाजारात जाई. दुसऱ्या निवडीत जे वाकडं, किडकं पण खाण्याजोगं असे ते आमच्या चुलीवर येई. कोबीची बाहेरची जाड पानं, मुळ्याचा जून पाला, मेथीच्या काड्या ही तिसरी निवड, आणि ती चांदीच्या पुढ्यात पडे. चांदी म्हणजे आमची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता म्हणून ते नाव, नाहीतर बाकी सगळी ती तव्याच्या बुडासारखीच होती. चांदी जे तुडवी, नाकारी किंवा खाऊन मागच्या अंगानं परत करी ते उकंड्यावर जाई. कोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगाला आमच्याकडे उकंडा म्हणतात. उकंड्यावर दिवसभर कोंबड्या उकरत, आणि उन्हाळ्यात तो सगळा ढीग पाट्यांनी मळ्यात पसरला जाई. मळ्यातून पुन्हा भाजी, पुन्हा तीन निवडी. या सगळ्या व्यवहाराला पुस्तकात एक नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. पण त्यातली माझी जागा मला लहानपणापासून पक्की ठाऊक होती. मी दुसऱ्या निवडीतली.

घर अनसिंगच्या बाहेर, मळ्याच्या टोकाला. दोन खोल्या आणि त्यांना लागूनच कोठा, म्हणजे गोठा. स्वयंपाकघर आणि कोठा यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या चांदीचं रवंथ ऐकू यायचं. एका लयीत चालणारा तो आवाज मध्येच थांबला की माय झोपेतून विचारायची, “काय झालं वं तिले?” मी किंवा बाबा घोरायचं थांबलो असतो तर तिनं विचारलं असतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. जेवण साधं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वांगं बाजारात न खपलं तर भरीत, आणि रोज कढी. कढीशिवाय बाबांना जेवण झाल्यासारखं वाटत नसे. भाकर कढीत कुस्करून ते आवाज करत जेवत, आणि त्या आवाजावरून दिवस कसा गेला ते मायला कळे.

थंडीत मी पहाटे अभ्यासाला कोठ्यात बसायची. घरात बसलं तर मायची भाजीनिवड आणि बाबांची पाण्यावरून चाललेली बडबड, म्हणून कोठा. कंदील दावणीच्या खुंट्याला टांगायचा, पोतं अंथरायचं, आणि बसलेल्या चांदीच्या पोटाला पाठ लावून पुस्तक उघडायचं. म्हशीचं अंग आतून गरम असतं. त्या गरमीला गोमूत्राचा आणि कडब्याचा वास असतो, आणि तो दप्तरालाही लागतो. वर्गात शेवंता, म्हणजे माझी बाकावरची शेजारीण, रोज सकाळी नाक मुरडून म्हणायची, “आली का वं, म्हैस?” मी म्हणायची, “आली. सरक तिकडं.”

चांदी आटली तेव्हा पहिला फरक ताटात पडला. कढी बंद झाली. मग तिच्या गाभण राहण्याची वाट पाहण्यात एक हंगाम गेला, आणि तिच्या नावाऐवजी बाबांच्या तोंडी दुसराच शब्द आला. भाकड. दूध न देणाऱ्या जनावराला हा शब्द एकदा चिकटला की पुढचा शब्द बाजार असतो, हे आम्हाला सांगावं लागत नसे. बाजारातून अशी म्हैस कुठं जाते हेही सगळ्यांना ठाऊक असे. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नसे.

“उभी राहून खाऊन राह्यली,” बाबा म्हणत. “एवढा पाला खाते, न् देते काय?”

“शेन देते,” माय म्हणायची.

“शेनाची कढी कर मंग.”

“करतो. तुमी वाढून घ्या.”

आमच्याकडे बायकाही ‘करतो’, ‘जातो’ असंच बोलतात. मायचा आवाज चढत नसे, पण कामाचा वेग वाढे आणि भाजीच्या जुड्या जरा जास्तच आवळल्या जात. चांदी तिच्या माहेराहून, मेडशीहून, वगार म्हणून, म्हणजे न व्यालेली पारडी असताना आली होती. मामानं दिली होती. ही गोष्ट माय कधी बोलून दाखवत नसे आणि बाबा कधी विसरत नसत, म्हणूनच प्रकरण इतके दिवस लांबलं होतं. पण दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका संध्याकाळी बाबांनी दावं नवीन आणलं. जुनं चांगलं असताना नवीन दावं आणायचं कारण मला कळलं. मायला तर ते माझ्याआधीच कळलं होतं.

त्याच सुमारास शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. इंगोले सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. ते पुण्याकडे वाढलेले, आडनावानं आमच्या भागातले आणि बोलण्यानं तिकडचे. त्यांना दोन गोष्टींची चीड होती, अर्धवट उत्तर आणि ‘ले’. मले, तुले, त्याले ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखं काहीतरी यायचं. त्यांनी फळ्यावर अन्नसाखळी काढली. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मधे बाण. मग आम्हाला काढायला सांगितलं, आणि वर्गातल्या जवळजवळ सगळ्या वह्यांत बाण उलटे निघाले.

“बाण खाणाऱ्याकडे जातो,” सर म्हणाले. “उंदराकडून मांजराकडे.”

“सर, मांजर धावते उंदरामांगं,” शेवंता उभी राहून म्हणाली. “उंदीर थोडीच जाते मांजरापाशी, घे खा म्हून?”

“बाण म्हणजे धावण्याची दिशा नव्हे. ऊर्जेची दिशा. गवतातली ऊर्जा नाकतोड्यात जाते, नाकतोड्यातली बेडकात.”

शेवंता बसली, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा उठली. “मंग बाणाच्या जागी ‘ले’ म्हना ना सर. गवताले नाकतोडा. नाकतोड्याले बेंडूक. बेंडकाले साप. सापाले घार. खाते म्हनाची गरजच नाई.”

सगळा वर्ग ते म्हणायला लागला, सर खडू घेऊन उभे राहिले, आणि त्या दिवसानंतर एकीचाही बाण चुकला नाही. सर प्रामाणिक होते. उपाय लागू पडलाय हे त्यांनी मान्य केलं. “बोलताना चालेल,” ते म्हणाले, “लिहिताना मात्र ‘ला’.” पुढं मीही शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत बाण याच युक्तीनं शिकवला. तपासणीला कोणी आलं की तेवढा तास आम्ही ‘ला’ म्हणायचो.

त्या ‘ले’मध्ये एक गंमत आहे, ती मात्र मला पुष्कळ नंतर दिसली. उंदराले मांजर खाते, तिथं उंदीर जातो. म्हशीले पाला टाक, तिथं म्हशीला मिळतं. जो खाल्ला जातो आणि ज्याला दिलं जातं, त्या दोघांच्या मागं एकच प्रत्यय लागतो. ‘म्हशीले’ एवढंच म्हणून कोणी थांबलं, तर म्हैस जेवणार आहे की जाणार आहे हे पुढचा शब्द येईपर्यंत कळत नाही.

त्याच धड्यात पुढं असं होतं की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा पुढं जातो. सरांनी भाकरीचं उदाहरण दिलं. दहा भाकरी खाल्ल्या तर एक अंगी लागते, बाकीच्या चालण्यात, बोलण्यात, अंग गरम ठेवण्यात जातात.

“आमच्या बुढ्याच्या तं बोलन्यातच धाही जाते,” शेवंता म्हणाली.

पुस्तकातलं वाक्य कोरडं होतं. ‘उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.’ मी दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाक्य चांदीला टेकून वाचलं, आणि माझ्या मनात आलं की बाबा बरोबर बोलतायत. पाला आत जातो, आणि पुढं काहीच येत नाही. विज्ञानसुद्धा बाबांच्या बाजूचं निघालं.

प्रदर्शनासाठी प्रत्येकीला एक तक्ता करायचा होता. पुस्तकात जंगलाचं चित्र होतं, त्यामुळे बहुतेकींनी सिंह काढला. आमच्या गावात सिंह कोणी पाहिला नव्हता, आणि त्या तक्त्यांवरचे सिंह पाहून ते लगेच लक्षातही येत होतं. मला सिंह जमेना. म्हैस जमली, कारण ती समोर उभी होती. तक्त्याच्या मधोमध चांदी काढली. तिच्याकडे येणारे बाण सोपे होते. पाला, कडबा. तिच्याकडून आमच्याकडे दुधाचा बाण काढायला घेतला आणि हात थांबला. सरांनी बजावलं होतं, जे पाहिलंय तेच काढा. मग मी कोठ्यात बसून जे दिसलं ते काढत गेले. चांदीच्या कानातले गोचीड, गोचीड टिपणाऱ्या साळुंक्या. तिच्या पाठीवरच्या माशा, माशा झेलणारा कोतवाल पक्षी. ती चालली की गवतातून उडणारे किडे, त्यांच्यासाठी तिच्या पायात पायात फिरणारा बगळा. शेणातले किडे, उकंड्यातल्या अळ्या, अळ्यांवर कोंबड्या, आणि कोंबडीच्या पिलांवर टपलेलं मुंगूस. तक्ता बाणांनी भरून गेला. शेणापासून फुलकोबीकडेही मी एक बाण काढला होता, तो सरांनी खोडून तुटक रेघ काढायला लावली. “कोबीला ऊर्जा सूर्य देतो, शेण नाही,” ते म्हणाले. “शेणातून कोबीला मिळते ती माती. माती फिरून परत येते, ऊर्जा एकदा पुढे गेली की गेली.” एवढी नेमकी गोष्ट त्यांनी इतक्या सहज सांगितली होती की ती पुढं शिकवताना मला कधी त्यात भर घालता आली नाही. आणि एवढी मेहनत कशासाठी? तर बाबांनी तो तक्ता वाचावा आणि नवं दावं परत करावं, एवढंच माझ्या मनात होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेला कमान होती, कमानीला झेंडूची फुलं, आणि फुलांना पाणी मारायला एक शिपाई. प्रमुख पाहुणे कोणत्या पदावर होते ते मला नीट आठवत नाही. त्यांच्या नावाआधी इतकी विशेषणं लावली होती की नाव येईपर्यंत ऐकणारा थकून जाई. पाहुण्यांच्या जेवणासाठी मुख्याध्यापकांनी आमच्याकडून फुलकोबी मागवली होती, पहिल्या निवडीतली. बाबा पोतं खांद्यावर घेऊन आले, ते स्वयंपाकाच्या मांडवात टाकलं, आणि हाताची माती पुसत माझ्या तक्त्यापुढं उभे राहिले. बोट ठेवून, सावकाश, त्यांनी सगळे बाण वाचले.

“म्हशीपासून आपल्याकडं एकबी बाण नाई?”

“दूध नाही ना बाबा.”

“तेच तं मी म्हनून राह्यलो!” ते खूश झाले. “तुह्या मायले दाखव हे. शाळेनंबी तेच सांगतलं.” मग पुन्हा एकदा तक्त्याकडे पाहून म्हणाले, “एक बाण राह्यला तुहा.”

“कोणता?”

“म्हशीले बाजार.”

ते हसले. मी तक्त्याचा कोपरा धरून उभी राहिले. सुटलाय म्हणून धरला होता, असं मी शेवंताला नंतर सांगितलं.

तेवढ्यात पाहुणे आले. सिंहामागून सिंह पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. म्हशीपाशी ते थांबले. मागं मुख्याध्यापक, त्यांच्या मागं सर.

“म्हैस! वा. दूध किती देते?”

“देत नाही. भाकड आहे.”

“अरे. मग ठेवली कशाला?”

याचं खरं उत्तर होतं की ठेवणार नाहीत, येत्या बाजारी जाणार आहे. पण बाबा हाताच्या अंतरावर होते आणि ते म्हणायला माझी जीभ वळेना. मी तक्त्यावरच्या साळुंकीवर बोट ठेवलं आणि जे तोंडात होतं ते बाहेर आलं. “साळुंकीले लागते.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी मात्र उघडले. “हे तुझे वडील?” त्यांनी विचारलं, बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुढं गेले. आपण काय करून ठेवलंय हे मला तेव्हा कळलं नाही. भाषणात कळलं. पाहुण्यांनी आधी निसर्गाचा समतोल सांगितला, मग त्याच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले की याच गावात एक शेतकरी बांधव असा आहे, जो दुधाच्या थेंबाची अपेक्षा न ठेवता, केवळ मुक्या पाखरांच्या पोटासाठी, एक भाकड म्हैस आयुष्यभर सांभाळण्याचं व्रत घेऊन बसला आहे. त्यांनी बाबांना मंचावर बोलावलं. बोलावलेले दुसरे एक पाहुणे आले नव्हते, त्यामुळे एक शाल आणि एक नारळ शिल्लकच होता. बाबांच्या खांद्यावर, पोत्याच्या मातीवर, शाल पडली. टाळ्या झाल्या. टाळ्यांत अर्धा गाव होता, आणि समोरच्या सतरंजीवर म्हशींचे सौदे करणारा दलालही होता, कारण त्याची मुलगी आमच्याच वर्गात होती. तोही टाळ्या वाजवत होता.

घरी येऊन बाबांनी शाल खुंटीला टांगली आणि तिच्याकडे पाहत बसले. “आता कशी नेऊ बाजारात?” ते म्हणाले. “व्रत घेतलं म्हने म्या. मलेच नाई सांगतलं कोनी.”

पुढचे काही आठवडे त्यांना गावात फिरणं अवघड झालं. पानटपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच. “काय पक्षीमित्र, साळुंकीचं बरं चाललं ना?” “कोतवालाचं पोट भरते का, का आनखी एखांदी म्हैस पाह्यजे?” दलालानं तर स्वतःहून सांगून टाकलं, “भाऊ, तुमची म्हैस मी नाई घेत बाप्पा, पाखरं शिव्या देतीन.” बाबा हसून दाखवत आणि घरी येऊन कढी नसलेलं ताट पाहत. चांदी पाला खात होती. नवं दावं खुंटीला, शालीच्या शेजारी टांगलेलं होतं.

माय हे सगळं पाहत होती. मला वाटलं ती जिंकली. एका संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधताना ती मान वर न करता म्हणाली, “बाजारात नेता येत नाई ना? नका नेऊ. भावाले द्या.”

“तुह्या भावाले?”

“मेडशीले डोंगराची चराई हाय. चारा इकत घ्या लागत नाई. त्याच्या ढोरांत राहीन. देनं म्हंजे इकनं नोहे, गावात कोनी काई म्हननार नाई.”

बाबांनी विचार केला. “न् मले काय भेटन?”

“शाल भेटली ना.”

चांदी आमच्याकडे फार काळ राहणार नाही हे मायनं माझ्या तक्त्याच्या कितीतरी आधी मान्य केलेलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. ती भांडत होती ते फक्त कोणाकडे एवढ्यासाठी. म्हशीले बाजार, की मामाले म्हैस.

मामा वाशीमला माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका ओळखीच्या मेटॅडोरमधून आला. मायनं चांदीच्या कपाळावरच्या ठिपक्याला कुंकू लावलं, तिला भाकर चारली, आणि नवं दावं बांधलं. मेटॅडोर हलला तेव्हा चांदी आमच्याकडे नाही, मागं ठेवलेल्या पाल्याकडे पाहत होती. साळुंक्या दोन दिवस कोठ्याच्या आढ्यावर येऊन बसल्या आणि मग दुसऱ्याच्या कोठ्यावर गेल्या. त्यांना व्रताबद्दल काही माहीत नव्हतं. मामाकडे जाऊन ती व्याली का, असं ही गोष्ट ऐकणारे हमखास विचारतात. नाही व्याली. उन्हाळ्यात मेडशीला गेले तेव्हा डोंगराच्या उतारावर चाळीतल्यासारख्या दाटीनं बसलेल्या ढोरांत ती होती, पाठीवर बगळा होता, आणि तिनं मला ओळखलं नाही. कोबीचा पाला नेला असता तर कदाचित ओळखलं असतं. आता आमच्या मळ्यात पुतण्या सोयाबीन लावतो. भाजीच्या तीन निवडी होत नाहीत, सगळं पीक एकाच दिवशी ट्रकमध्ये चढून जातं, आणि कोठ्यात मोटरसायकल उभी असते. मोटरसायकलीवर पाखरं बसत नाहीत. तिला कोणी भाकड म्हणत नाही, हे मात्र खरं.

चांदी गेली त्या वर्षीची थंडी अजून बाकी होती. सवयीनं मी पहाटे कोठ्यातच बसायची. कंदील त्याच खुंट्याला, पोतं त्याच जागी, आणि पाठीला भिंत. भिंत गार असते हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मायनं शाल माझ्या अंगावर टाकली. ती वरून चकचकीत होती आणि तिच्यात ऊब म्हणून नव्हती, सत्कारासाठी घेतलेल्या शालीत ती असण्याचं कारणही नव्हतं. वार्षिक परीक्षेसाठी मी तोच धडा पुन्हा काढला. ‘उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं, पेन्सिल घेतली, ‘वाया जाते’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘मले भेटत होती’.

आमची पुस्तकं वर्षाअखेरीला खालच्या वर्गातल्या मुलींना द्यायची असत, म्हणून सर आधी ती तपासून घेत, कोणी रेघोट्या मारल्यात का ते पाहत. माझं पुस्तक परत आलं तेव्हा मी घाबरत ते पान उघडलं. सरांनी लाल शाईनं दुरुस्ती केली होती. ‘मले भेटत होती’ खोडून ‘मला मिळत होती’ असं लिहिलं होतं. ‘वाया जाते’ मात्र त्यांनी परत लिहिलं नव्हतं.